अनुभव धागा : खोकताना-शिंकताना लघवी सुटते? लाज सोडून उपचार घेतलेल्यांनी लिहा

बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या वयात कितीतरी जणींना हा त्रास होतो. ‘वय झालं की व्हायचंच’ म्हणत वर्षं निघून जातात. पुष्कळदा नुसत्या व्यायामानेही चांगला फरक पडतो, म्हणून हा धागा. नाव नाही लिहिलंत तरी चालेल.

नाशिककर : धाकटीच्या वेळेपासून मला होतं. लग्नाकार्याला गडद साडी, पर्समध्ये जादा परकर आणि सकाळपासून पाणी बंद. त्याने लघवी उलट दाट होऊन जळजळायची. भाचीच्या हळदीला मी नाचायला उठेना, तेव्हा नणंदेने खोदून खोदून विचारलं आणि तीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. आधी लघवी आणि साखर तपासली, मग फिजिओथेरपीला पाठवलं. वारा रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच आत-वर ओढायचे, थोडं धरायचं, पूर्ण सैल सोडायचे. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताठ करायच्या नाहीत. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, म्हणून केगेल. व्यायाम सोपा होता हो. जड गेलं ते मुलांना शेजारी ठेवून दुपारी बाहेर पडणं. स्वतःच्या दुखण्यावर पैसे घालवतेय, हे मनाला फार खायचं. आता खोकला आला तर बिनघोर खोकते.

आजोबा, सातारा : पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मलाही झालं. मुलाला डायपर आणायला सांगायची लाज वाटे, म्हणून फिरायला जाणंच सोडलं होतं. सर्जननी हेच व्यायाम दिले. बराच फरक आहे.

फिजिओ ताई : लघवी करता करता मध्येच थांबवण्याचा रोज सराव करू नका. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला असेल तर त्यावरही औषध घ्या. लघवीत रक्त दिसलं तर मात्र थेट डॉक्टर.

लेक : आई गावी असते. वास येतो म्हणून कीर्तनाला जाणं तिने बंद केलंय, असा मला संशय आहे. कसं विचारू?

नाशिककर : भाजी निवडताना सरळ विचार, ‘खोकताना थेंब जातात का गं?’ माझ्या आईने लगेच हो म्हटलं, वर मावशीचंही सांगितलं.