डेव्हिड मिलर: वकील पक्का, महापौर कच्चा?

ठेचाभाकर: टोरांटोचे माजी महापौर डेव्हिड मिलर (२००३–२०१०) यांना उगाच डोक्यावर घेतलं जातं. हार्वर्डची पदवी, बड्या लॉ फर्ममध्ये भागीदारी, १९९४ला नगरसेवक. संगणक-भाडेकराराचा घोटाळा गाजत असताना हातात झाडू घेऊन निवडून आले. (दिल्लीतल्या झाडूच्या दहा वर्षं आधी!) आणि २००९मध्ये त्याच शहरात ३९ दिवस कचरा उचलला गेला नाही. क्रिस्टी पिट्स या बागेतल्या स्केटिंग रिंकवर पिशव्यांचा डोंगर, भर जुलैत. पालिका कामगारांचा संप कशावरून? न घेतलेल्या आजारपणाच्या रजा साठवून निवृत्तीला पैसे घेण्यावरून. शेवटी जुन्या कामगारांची ती सवलत तशीच राहिली. वकिलाला तडजोडनाम्यावर सही झाली की केस संपली असं वाटतं, लोकांना तसं वाटत नाही.

सरळमार्गी: अर्धंच सांगताय. नव्या भरतीला ती सवलत मिळाली नाही, म्हणजे पुढचा खर्च थांबलाच की. आणि तेव्हा महापौराला सभागृहात मत किती? पंचेचाळिसात एक. पक्ष नाही, व्हिप नाही. जुलै २००७मध्ये नवे कर २३ विरुद्ध २२ने पुढे ढकलले गेले, तरी ऑक्टोबरपर्यंत माणसं वळवून त्यांनी ते मंजूर करून घेतलेच. त्यातला घरखरेदीवरचा कर आजही पालिकेला पोसतोय.

ठेचाभाकर: त्यातलाच गाडीमागे ६० डॉलरचा कर पुढे महापौर झालेल्या रॉब फोर्डना निवडणुकीत आयता मुद्दा देऊन गेला, तो विसरलात. फोर्ड आले आणि पहिल्याच दिवशी मिलरांची ट्रामची योजना, ट्रान्झिट सिटी, गुंडाळली. कागद इतका कच्चा ठेवणारा वकील कसला?

मी_काय_म्हणतो: कागद कच्चा नव्हता हो. फोर्डनी सभागृहाला न विचारता योजना मोडली, तसा अधिकारच त्यांना नाही असं कायदेशीर मत पुढे आलं आणि फेब्रुवारी २०१२मध्ये सभागृहाने २५ विरुद्ध १८ने त्यांचा निर्णय उलटवला. फिंच वेस्ट मार्गावरची ट्राम डिसेंबर २०२५ला धावली, ती त्याच २००७च्या आराखड्यातली.

ठेचाभाकर: अठरा वर्षांनी! तोवर फिंचवरचे लोक बसलाच लटकत होते.

सरळमार्गी: मग त्याचं बिल फोर्डांच्या नावाने फाडा ना.