बाबांची किटली सापडली... तुमच्याकडचेही अनुभव लिहा

रामबागवाली: काल माळा काढला तर बाबांची ती मोठी किटली सापडली, बुड काळं, दांडीला सुतळी गुंडाळलेली. बाबा ए.ए.त (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप) होते, २२ वर्षं. सुरुवातीला ग्रुपवाल्यांनी उपदेश वगैरे काही केला नाही, हातात किटली अन् खोलीची किल्ली दिली की साडेसातला तुम्ही उघडायचं. आता किल्लीच आपल्याकडे म्हटल्यावर दांडी मारणार कशी! आपल्या इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्यांनी रस्ते बंद असले तरी हे किटली घेऊन पायी. आई म्हणायची, घरी कधी स्वतःचा कप विसळला नाही अन् तिथे तीस कप धुऊन राहिले. तुमच्याकडे कोणाला कशानं धरून ठेवलं? नावं नका लिहू.

कटचाय: माळा काढला म्हणजे दिवाळीची सफाई सुरू?? आमच्याकडे रद्दीवालाच येऊन नाही राहिला

तीन नंबर गल्ली: मला ९ वर्षं झाली. माझे स्पॉन्सर (ग्रुपमधले जुने, नव्याला सांभाळणारे) रिटायर्ड काका, रंगपंचमीला सकाळी सातला स्कूटर घेऊन दारात. राजवाड्यावरची गेर (रंगाची मिरवणूक) संपेपर्यंत त्यांच्याकडे पत्ते खेळत बसायचं, काकूंची श्रीखंडपुरी खायची. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं काही असलं की आधी फोन. एकदा रात्री दीडला केला तर म्हणाले जेवलास का? नव्हतो जेवलो. दोन पोळ्या खाल्ल्या, झोपलो.

सुदामानगर काकू: मी अल-अॅनॉनला (पिणाऱ्यांच्या घरच्यांचा ग्रुप) गेले ती यांना सुधरवायची युक्ती शिकायला. तिथल्या बाया म्हणे तुझ्यामुळे लागली नाही, तुझ्यानं सुटणारही नाही. इतका राग आला की चहा न घेता उठले. पुढच्या आठवड्यात परत गेले अन् मग हळूहळू कपाटातल्या बाटल्या शोधणं सुटलं. ए.ए. १९३५चं, आमचं अल-अॅनॉन १९५१चं, म्हणजे अमेरिकेतसुद्धा बायकांचा नंबर १६ वर्षांनी 😄

नवीन: घाबरून लिहून राहिले. मिस्टरांनी परवापासून एकदम बंद केली, रोजची होती. हात थरथरतात, रात्री भिंतीवर किडे दिसत होते म्हणे. मीटिंग कुठे असते

तीन नंबर गल्ली: ताई मीटिंग नंतर, आधी दवाखाना, आत्ता. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की फिट येऊ शकते, जिवावर बेततं. डॉक्टरांना रोजची होती हे स्पष्ट सांगा, लाजू नका.

रामबागवाली: पत्ता इथे टाकू नका, मला मेसेज करा, भावाला गाडी घेऊन पाठवते

नवीन: दीर आले, निघालो

माहेर इंदूर: आमच्या मामांना पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं, अवचट दांपत्यानं १९८६ला सुरू केलेलं. तिथून छान होऊन आले पण इथे तोच ओटला तेच दोस्त, दीड महिन्यात जैसे थे. दुसऱ्यांदा आले तेव्हा इथल्या ग्रुपचे दोघं स्टेशनवर उभे, बॅगेसकट थेट मीटिंगला. मामी पुरणपोळी करून वाट बघत बसलेल्या, काय चिडल्या! अजून बोलून दाखवतात.

कटचाय: पुरणपोळीवर मीही चिडलो असतो

एकटाभटका: मला ग्रुप नाही जमला, प्रार्थना आली की अवघडायचो. डॉक्टर, गोळ्या, आणि सकाळी सहाला फिरणारे चार मित्र. जो नाही आला त्याच्या घरी बाकीचे पोहे घेऊन हजर, दार उघडेस्तोवर बेल. ४ वर्षं झाली. बायको म्हणते दारू सुटली, पोट सुटलं.

कटचाय: पोहे कुठले? जीरावन मसाला वरून ना?

एकटाभटका: भिया, हे काय विचारणं झालं! वरूनच

रामबागवाली: नवीनताई, पोचलात का?

नवीन: भरती केलं. सलाइन लावली, आता झोपलेत

तीन नंबर गल्ली: बरं झालं. घरी आले की मेसेज करा, मी स्वतः येईन त्यांना न्यायला. सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ पण लिहून ठेवा. आणि तुम्ही काही खाल्लं का?

नवीन: नाही अजून. दीर आणून राहिले

सुदामानगर काकू: रामबागवाली, किटलीत लिंबाची सालं टाकून पाणी उकळ, काळं जाईल

रामबागवाली: काकू काळं बाहेरून आहे, स्टोव्हचं