मदत हवी आहे: चोए शी-ह्योंग यांच्या चरित्राबद्दल

नमस्कार मंडळी. सध्या कोरियातल्या दोंगहाक या धार्मिक पंथाबद्दल वाचतेय. संस्थापक चोए जे-ऊ यांना १८६४ मध्ये देगूला मृत्युदंड झाला. त्यांच्यावर बरंच वाचायला मिळालं. पण मला ओढ लागलीय ती त्यांच्यामागे पंथ सांभाळणाऱ्या चोए शी-ह्योंग यांची. तीसहून अधिक वर्षं हा माणूस डोंगरदऱ्यांत लपतछपत फिरला, त्याच धावपळीत गुरूंचं लेखन छापून घेतलं, आणि १८९८ मध्ये फासावर गेला. केवढी चिकाटी!

१८९४ मध्ये कोरियात दोंगहाक अनुयायांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा उठाव झाला, त्याला चोए शी-ह्योंग यांचा आधी विरोध होता. मग शरद ऋतूत त्यांनी पाठिंबा का दिला? इंग्रजी किंवा हिंदीत त्यांचं भरवशाचं चरित्र कुणी सुचवाल का? कोरियन वाचता येणाऱ्यांनी तर जरूर सांगा.