काळी माती, दक्षिणेला भिंत: नाशिकमध्ये हिवाळी भाजीपाला कधी आणि कसा लावावा?

इंदिरानगरकर
जागा १० × २० फूट, लांबी उत्तर-दक्षिण. दक्षिणेला ५ फुटी कंपाउंडची भिंत, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. माती काळी, पाऊस थांबला की भेगा पडणारी. गेल्या हिवाळ्यात सगळं बी दसऱ्याला एकदमच टाकलं. फ्लॉवर आणि टोमॅटोची रोपं तेवढी नोव्हेंबरच्या मध्याला तयार आणून लावली. निकाल: कोथिंबिरीच्या चार काड्या, गाजरांना दोन-दोन पाय, फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा, टोमॅटोला फुलं भरपूर पण फळ धरेना. मेथी आणि मुळा मात्र छान आले. यंदा काय बदलू? रासायनिक फवारण्या शक्यतो नकोत.

काळी_कसदार
दसऱ्याचा मुहूर्त सोन्याला ठीक, बियाण्याला नाही. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक, आणि नेमक्या याच तीन आठवड्यांत ऑक्टोबरचा उकाडा सरून रात्री गार व्हायला लागतात. मुळा आणि मेथी उकाड्याला दाद देत नाहीत, म्हणून तुमच्याकडे तेवढेच आले. कोथिंबीर, पालक, गाजर, वाटाणा यांना रात्रीचा पारा २० च्या खाली सरकू द्या. रोज सकाळचं किमान तापमान बघा, चार-पाच दिवस सलग खाली राहिलं की पेरा.

आता जागा. डिसेंबरात नाशिकला भर दुपारीही सूर्य जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो. म्हणजे ५ फुटी भिंतीची सावली दुपारी बारा-साडेबारालाही पावणेपाच फूट पडते. ऑक्टोबरात हे लक्षात येत नाही, तेव्हा ऊन उंच असतं. भिंतीपासून दीड फूट वाट, मग साडेतीन फुटी आडवा वाफा, असं चार वेळा केलं की २० फूट बरोबर भरतात. भिंतीलगतचा वाफा पालक, कोथिंबीर, शेपूला. दुसरा गाजर, बीट, मुळ्याला. तिसरा कोबी-फ्लॉवरला. उत्तरेचा टोमॅटो आणि वाटाण्याला, म्हणजे त्यांच्या उंचीची सावली कुणावर पडत नाही.

वाफे ६ इंच उंच, गादीसारखे. काळ्या मातीत सपाट वाफा केला तर मुळं पाण्यात गुदमरतात. आणि माती वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) असतानाच हात लावा: ३ इंच खालची मूठभर माती दाबून लाडू वळा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. ओली काळी माती खणली की जी ढेकळं होतात ती फेब्रुवारीपर्यंत फुटत नाहीत.

एका वाफ्याला ८ ते १० किलो शेणखत आणि ३०० ग्रॅम निंबोळी पेंड. शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. लव्हाळा (गाठींतून पुन्हा फुटणारं तण) असेल तर वरून उपटू नका, गाठीसकट खणून काढा.

गड्डेवाला
फ्लॉवरचं सांगतो. लिंबाएवढा गड्डा म्हणजे रोपाला पानं धरायला वेळच मिळाला नाही. यामागे दोन गोष्टी असतात. एक, लवकरच्या हंगामाची जात उशिरा लावली. या जाती कोमट हवेत गड्डा धरतात, त्यांना थंडी लागली की पाच-सहा पानांवरच गड्डा सुटतो. दुसरी, रोप म्हातारं होतं. रोपवाटिकेत सहा-सात आठवडे अडकलेलं, खोड शिसपेन्सिलीसारखं जाड आणि कडक झालेलं रोप स्वस्त मिळतं, पण घेऊ नका. चार आठवड्यांचं, चार-पाच पानांचं, वाकवलं तर वाकणारं रोप घ्या. बी घेत असाल तर पाकिटावर हंगाम वाचा. ऑक्टोबरच्या लागवडीला मध्यम हंगामाची जात, नोव्हेंबरच्या लागवडीला स्नोबॉल-१६ सारखी उशिराची.

वाफ्यात दोन ओळी, दोन रोपांत दीड फूट अंतर, एकूण बारा-तेरा रोपं. जास्त कोंबली तर पुन्हा लिंबंच. लावल्यापासून तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक रोपाला दोन मुठी गांडूळखत देऊन खोडाला मातीची भर लावा. गड्डा लिंबाएवढा दिसला (यंदा तो पुढे वाढेल) की बाहेरची तीन-चार पानं वर मुडपून सुतळीने सैल बांधा, नाहीतर उन्हाने पिवळा पडतो. गड्ड्यावर तपकिरी डाग आणि दांडा आतून पोकळ म्हणजे बोरॉन कमी. चुनखडीच्या काळ्या मातीत हे होतं. लागवडीआधी पूर्ण वाफ्याला मिळून सपाट चहाचा एक चमचा बोरॅक्स पाण्यात विरघळवून झारीने द्या. त्याहून जास्त नको. बोरॉन जास्त झालं तर त्याच वाफ्यात पुढे लावलेल्या घेवड्याच्या पानांच्या कडा जळतात.

टोमॅटोचं कारण थंडी. रात्र १२-१३ अंशांच्या खाली गेली की परागकण नीट काम करत नाहीत, फुलं गळतात. रोपं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागली तर कडाक्याच्या थंडीआधी पहिले झुपके धरून जातात. नोव्हेंबरात लावलेल्याला फेब्रुवारीची वाट बघावी लागते.

पालेभाजी_प्रेमी
कोथिंबीर: धण्याच्या एका गोल दाण्यात दोन बिया असतात. गोणपाटावर पसरून चपलेच्या तळव्याने हलकं रगडा, दोन फाके व्हायला हवेत, डाळ नव्हे. १० ते १२ तास भिजवा, सावलीत निथळवा, अर्धा इंच खोल रेघेत पेरा. अर्ध्या वाफ्याला दोन मोठे चमचे पुरतात. उगवायला ८ ते १० दिवस लागतात आणि तेवढ्यात मुंग्या बी पळवतात, म्हणून कडेने निंबोळी पेंड टाका. सगळं एकदम पेरू नका, दर १५ दिवसांनी दोन रेघा.

गाजराला दोन पाय फुटतात ते खड्याला किंवा ताज्या शेणखताला मुळाचं टोक अडलं की. गाजराच्या वाफ्यात यंदा शेणखत घालू नका, गेल्या वर्षीचं पुरे. फूटभर खोल खणून माती चाळा आणि चार-पाच घमेली बारीक वाळू मिसळा. बी वाळूत कालवून पाव इंच खोल पेरा, वर ओलं गोणपाट टाका. सातव्या दिवसापासून रोज उचलून बघा. कोंब दिसला की गोणपाट त्याच संध्याकाळी काढा, एक दिवस उशीर झाला तर रोपं पिवळी, लांबुडकी होतात. तीन आठवड्यांनी विरळणी, दोन रोपांत दोन इंच. इथेच सगळ्यांचा जीव होत नाही, आणि मग गाजरं करंगळीएवढी.

वाफसा_बघून
@काळी_कसदार, चौथ्या वाफ्यात टोमॅटो आणि वाटाणा एकत्र नको. वाटाण्याला खत कमी लागतं. टोमॅटोच्या हिशोबाने घातलं तर वेल माजतो, शेंगा येत नाहीत. वाटाणा उत्तरेच्या कुंपणाला लावा, आर्केल ही बुटकी जात दोन महिन्यांत तोडणीला येते. पानांवर भुरी (पांढरी, पावडरीसारखी बुरशी) आली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. द्राक्षाच्या जिल्ह्यात कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं, मात्र भर उन्हात फवारू नका.

पाणी सकाळी, पानांवर नाही, मुळाशी. टोमॅटोला चार दिवस कोरडं आणि मग पाट सोडला तर फळाचं बूड काळं पडतं. दोन इंच पाचट किंवा वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घातलं की ओल एकसारखी राहते. सकाळच्या पाण्याला अपवाद थंडीच्या लाटेचा: निफाडचा पारा ५-६ च्या आसपास गेल्याची बातमी आली की त्या संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती रात्री कमी थंडावते.

कोबी-फ्लॉवरच्या कडेला मोहरीची ओळ पेरा, मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी तिच्यावर येतात. निंबोळी पावडर ५० ग्रॅम, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळा, चिमूटभर कपड्याचा साबण घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. दर ८ दिवसांनी. भोकं दिसल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो.

इंदिरानगरकर
धन्यवाद. पालक-कोथिंबिरीच्या वाफ्याच्या कडेला लसूण चालेल का?

पालेभाजी_प्रेमी
त्या वाफ्यात नको, सावलीत गड्डी भरत नाही. गाजराच्या वाफ्याच्या उत्तर कडेला लावा. ऑक्टोबर अखेरीस, बाहेरच्या जाड पाकळ्या निवडून, टोक वर, ४ इंचांवर एक. चार-साडेचार महिने जागा अडते. पात पिवळी पडून माना टाकायला लागली की पाणी तोडा.