क्रमागत संख्या: क्ष पहिलीला की मधलीला?

दापोलीचे मास्तर
क्रमागत, म्हणजे लागोपाठच्या, संख्या शोधायच्या उदाहरणांत शाळेत पहिली संख्या क्ष, मग क्ष+१, क्ष+२ असंच मांडायला लावतात. माझं ठाम मत आहे, मधली क्ष धरा. समजा हापूसच्या लागोपाठ क्रमांकांच्या तीन पेट्या आहेत, क्रमांकांची बेरीज ७२. क्ष−१, क्ष, क्ष+१ मांडलं की −१ आणि +१ उडतात. ३क्ष=७२, क्ष=२४. पेट्या २३, २४, २५. पहिली धरली तर ३क्ष+३=७२ येतं. मग ३ पलीकडे नेताना पोरं चिन्ह बदलत नाहीत, ७५ करतात आणि पहिली पेटी २५ लिहितात.

वेंगुर्ल्याच्या बाई
मास्तर, तिनाला जमलं, चाराला काय कराल? चार क्रमागत संख्यांची बेरीज ९४. भागिले ४, साडेतेवीस! पहिली धरा: ४क्ष+६=९४, क्ष=२२, झालं. शिवाय सगळी उदाहरणं बेरजेची नसतात. ‘तीन क्रमागत संख्यांत पहिलीची तिप्पट तिसरीच्या दुपटीपेक्षा ५ ने जास्त’ हे घ्या. ३क्ष=२(क्ष+२)+५, क्ष=९. तुमच्या मांडणीत ३(क्ष−१) येतं आणि पोरं कंस सोडवताना ३क्ष−१ लिहून मोकळी होतात.

दापोलीचे मास्तर
कंसाचं मान्य. पण साडेतेवीस आलं तर बिघडलं कुठे? त्याच्या अलीकडच्या दोन, पलीकडच्या दोन: २२, २३, २४, २५. उलट बेरीज ९२ दिली असती तर भागाकार पूर्ण २३ आला असता, म्हणजे अशा चार संख्या नाहीतच हे तिथेच कळलं असतं. आणि वर्ग आले की फरक बघा. तीन क्रमागत पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज ३६५. पहिली धरून क्ष²+२क्ष−१२०=०, बसा अवयव पाडत. मधली धरून ३क्ष²+२=३६५, क्ष²=१२१.

मालवणहून
क्ष²=१२१ वर थांबू नका. क्ष ११ आहे, तसाच −११ सुद्धा. प्रश्नात ‘पूर्णांक’ असेल तर १०, ११, १२ आणि −१२, −११, −१० ही दोन्ही उत्तरं हवीत. ‘नैसर्गिक’ असेल तर पहिलंच. विषम संख्यांना मात्र क्ष+१, क्ष+३ नको, अंतर नेहमी २ चं. तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ५७ असेल तर मधली १९. बेरीज ५४ दिली तर मधली १८ येते, ती सम, म्हणजे प्रश्नच चुकलाय.

वेंगुर्ल्याच्या बाई
हे पटलं. तरी पेट्यांच्या उदाहरणात ‘सर्वांत लहान क्रमांक कोणता’ असं विचारलं की मधली धरणारं पोर क्ष=२४ काढून तिथेच थांबतं, आणि पर्यायांत २४ हमखास ठेवलेला असतो. पहिली धरली की क्ष हेच उत्तर.