मदत हवी आहे: पाऊस आला तर घटनास्थळावर आधी काय वाचवायचं?

नमस्कार. मी फॉरेन्सिकची विद्यार्थिनी आहे. गेल्या आठवड्यात मोकळ्या जागेवर घटनास्थळ तपासणीचा सराव होता. त्यात माझ्या हातून एक पुरावा गेला. ते मनातून जात नाही, म्हणून विचारतेय.

मांडणी अशी होती: झुडपाजवळ पुतळा, त्याच्या अंगावर नकली रक्ताने भिजलेला शर्ट आणि थोड्या अंतरावर चिखलात बुटाचा एकच ठसा. प्रमुख मी होते. शिकवल्याप्रमाणे हद्द आखून फीत बांधली, आत-बाहेर करायला एकच वाट ठरवली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं आणि वेळा लिहायला एकीला बसवलं. मग चारही बाजूंनी दूरचे फोटो. मधल्या अंतराचे फोटो चालू असतानाच पावसाची सर आली आणि ठसा वाहून गेला.

क्रम सगळा बरोबर होता, तरी पुरावा गेलाच. मग नाशवंत पुराव्यासाठी क्रम कितपत मोडायचा? ठसा नुसता झाकायचा, की लगेच साचा घ्यायचा? आणि कोर्टात बचावाच्या वकिलाने "तुम्ही मूळ स्थिती बदललीत" म्हटलं तर नोंदीत काय काय असायला हवं?

शर्टाचंही अडलंय. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, डीएनए खराब होतो, म्हणून कागदी पिशवी वापरायची हे पाठ आहे. पण चिंब कपड्याने कागदच फाटतो, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद:
क्रम पुराव्यासाठी असतो, त्यामुळे आभाळ भरलं की ठसा पहिला. पुतळा आणि ठसा दोन्ही दिसतील असा एकच फोटो काढा आणि लगेच ठशाला न टेकणारं खोकं उपडं ठेवा. पाणी खालूनही शिरतं, म्हणून थोडं लांबून चर काढा. सर ओसरली की कॅमेरा ठशावर अगदी सरळ धरा, मोजपट्टी ठशाच्या तळाच्या पातळीला ठेवा, टॉर्च बाजूने तिरका मारून दोन-तीन दिशांनी फोटो घ्या. साच्यासाठी डेंटल स्टोन (पाण्यात कालवायची प्लास्टरसारखी घट्ट होणारी पूड) ठशावर थेट ओतू नका, कडेला ओतून आत वाहू द्या. नोंदीत वेळ, हवामान, निर्णय कुणाचा आणि का, हे त्याच क्षणी लिहा. झाकलेल्या खोक्याचाही फोटो हवा.

शर्ट प्रयोगशाळेत नेण्यापुरता प्लास्टिकमध्ये चालतो. तिथे स्वच्छ कागदावर वाळवून मग कागदी पिशवीत सीलबंद करा.

घाईत हातमोजे बदलायचे राहतात, तेवढं सांभाळा. परका डीएनए कुठून येईल सांगता येत नाही. जर्मनीत हाइलब्रॉनला 2007 साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे मिळालेला एका बाईचा डीएनए ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या गुन्ह्यांशीही जुळत होता. 2009 मध्ये उलगडा झाला: तो स्वॅबच्या, म्हणजे नमुना टिपायच्या कापसाच्या काड्यांच्या, कारखान्यातल्या एका कामगार बाईचा होता. स्वॅब निर्जंतुक होते, पण डीएनएमुक्त नव्हते. तुम्ही वापरलेल्या स्वॅबच्या पाकिटातलाच एक कोरा स्वॅब तुलनेसाठी सोबत पाठवता का?