मदत हवी आहे: वादळात छताचे पत्रे उडाले, सर्व्हेअर म्हणतो ‘जुनी झीज’

गळकं_घर

नमस्कार मंडळी. घराच्या विम्याचा दावा पहिल्यांदाच करतोय, शंका बाळबोध वाटल्या तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात मध्यरात्री वादळ झालं. आधी एका कोपऱ्यातले पत्रे फडफडायला लागले, मग एकेक निघत गेले. एकूण 11. चार अंगणात सापडले, बाकीचे वाकून छतावरच लोंबत होते. त्या भगदाडातून पाऊस आत आला. फॉल्स सीलिंग, कपाट, गादी सगळं भिजलं. उजाडताच कंपनीला फोन करून दावा क्रमांक घेतला. पाऊस काही थांबेना, म्हणून दुपारी ताडपत्री टाकून घेतली. घाईत फोटो मोजकेच निघाले आणि त्यातल्या निम्म्यांत माझा अंगठा आहे.

तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर आले. बोलायला चांगले होते. शिडीवर चढून स्क्रूंचे फोटो काढून गेले. काल ईमेल आला: पत्रे आणि स्क्रू गंजलेले, नुकसान मुख्यतः देखभाल न केल्यामुळे. चारच पत्रे मंजूर, त्यावरही घसारा (वयामुळे किमतीत कपात). आतल्या सामानाबद्दल चकार शब्द नाही. वर सहीसाठी ‘पूर्ण व अंतिम’ असा एक कागद.

छप्पर 16 वर्षांचं आहे, गंज होता, नाकारत नाही. पण वादळाच्या आदल्या दिवशीपर्यंत आत थेंब येत नव्हता.

गंज होता एवढ्यावर सात पत्रे उडवून लावता येतात का? सही केली तर उरलेलं नंतर मागता येईल? आणि दुरुस्तीला सुरुवात करू की थांबू? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_खिळा

सही करू नका. आधी हे.

तो कागद म्हणजे ‘माझं काही मागणं उरलं नाही’ असं तुम्हीच लिहून देणं. रक्कम पटत नसेल तर तसं लेखी कळवा, आणि पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली सात पत्रे वगळले ते लेखी मागा. फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

आता गंज. झीज वगळलेली असते हे बहुतेक पॉलिसींत खरं आहे. पण छप्पर जुनं असणं वेगळं आणि ते जुनेपणामुळे पडणं वेगळं. वारा नसता तर त्या रात्री पत्रे निघाले असते का, हा खरा प्रश्न. वय घसाऱ्यात आधीच मोजलं जातं. त्याच वयासाठी पुन्हा पत्रेच नाकारायचे म्हणजे एका गुन्ह्याला दोन शिक्षा. पावसाचंही तसंच: जुन्या फटीतून झिरपलेलं पाणी सहसा देत नाहीत, पण वादळाने पाडलेल्या भगदाडातून आत आलेलं पाणी ही निराळी गोष्ट. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय, ते ठळक लिहा.

निघालेले पत्रे भंगारात दिले नाहीत ना? स्क्रूची भोकं बघा. ओढून फाटलेल्या भोकाची कड लांबट आणि ताजी असेल तर चमकते. गंजाने खाल्लेली कड तपकिरी, भुसभुशीत असते. शिवाय वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त बसते. तुमचे पत्रे कोपऱ्यापासूनच सुटले, हे तुमच्या बाजूचं. जवळच्या हवामान केंद्राकडून त्या रात्रीच्या वाऱ्याच्या वेगाची नोंद मिळाली तर उत्तम.

पागोळी

वरच्यांशी सहमत. दोन गोष्टी वाढवते.

सामानाचा विमा घेतला होता का ते आधी बघा. इमारत आणि सामान यांच्या रकमा वेगळ्या असतात; आमच्याकडे फक्त इमारतीचाच होता हे गादी भिजल्यावर कळलं! फॉल्स सीलिंग मात्र सहसा इमारतीत मोडतं, ते सोडू नका.

दुसरं, विम्याची रक्कम कमी तर नाही ना? घर पुन्हा बांधायला 100 लागत असतील, विमा 70 चा असेल आणि पॉलिसीत सरासरीची अट असेल, तर 10 च्या नुकसानीला 7 च मिळतात. कपात त्यामुळे असेल तर गंजावर भांडून उपयोग नाही. जमिनीची किंमत यात धरायची नसते.

गळकं_घर

दोघांचेही आभार. सामानाचा विमा आहे, हुश्श. दुरुस्तीचं काय करू? किती दिवस ताडपत्रीखाली राहणार?

जुना_खिळा

नुकसान वाढू न देणं हे तुमचंच काम असतं, म्हणून ताडपत्री टाकलीत ते योग्यच. तिची पावती दाव्याला जोडा. कायमची दुरुस्ती मात्र फेरपाहणी मागून, तारीख मिळाल्यावरच. कंपनी टाळाटाळ करू लागली तर अमुक दिवशी काम सुरू करतोय असं लेखी कळवा, आणि त्याआधी प्रत्येक वाशाचा फोटो काढा. अंगठा सोडून. कंत्राटदाराकडून पत्रे, स्क्रू, मजुरी असं वेगवेगळं अंदाजपत्रक घ्या. एकगठ्ठा आकडा सर्व्हेअरला कापायला सोपा जातो.

गळकं_घर

आत्ता टॉर्च घेऊन मागे जाऊन आलो. सात पत्रे आहेत अजून. तिघांची भोकं सरळ फाटून लांब झालीत, कड चकाकतेय. दोघांना मात्र खरंच गंज लागलाय, ते मान्य करतो. उरलेल्या दोघांचं मला कळत नाही. खडूने नंबर टाकून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढू का? आणि ते गंजके दोन पत्रे दाखवायचे की नाही?

पागोळी

दाखवा. सर्व्हेअरने त्यांचे फोटो केव्हाच काढलेत.